३३० मिलिसेकंदांची फोड

अर्जात एकच रकाना मोठा होता : ‘तुम्हाला कोणत्या प्रश्नासाठी मॉडेल बांधायचं आहे?’ बाकी नाव, शिक्षण, अनुभव, प्रोग्रामिंग येतं का, असं सगळं एकेका ओळीत मावणारं. त्या मोठ्या रकान्यात मी लिहिलं, ‘माणूस उत्तर द्यायला वेळ का लावतो?’ प्रोग्रामिंगसमोर ‘नाही’ लिहिलं होतं, त्यामुळे निवड होईल अशी आशा नव्हती. पण झाली.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात मानसशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. मेच्या सुट्टीत फोंड्यात पाच दिवसांचा निवासी नसलेला वर्ग होता. विषय होता कॉग्निटिव्ह मॉडेलिंग, म्हणजे मन कसं चालत असेल याचा अंदाज शब्दांत न मांडता गणितात आणि संगणकाच्या प्रोग्राममध्ये मांडायचा, आणि त्या प्रोग्रामने दिलेली उत्तरं खऱ्या माणसांच्या उत्तरांशी ताडून बघायची. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. परदेशात असे वर्ग दोन-तीन आठवड्यांचे असतात. न्यूरोमॅच अकॅडमीने २०२० साली टाळेबंदीच्या काळात तीन आठवड्यांचा वर्ग ऑनलाइन सुरू केला, तेव्हा जगभरच्या मुलांना घरबसल्या शिकता आलं. आमच्या दोन शिक्षकांपैकी सावंतवाडीचा तरुण त्यातूनच घडलेला. पाच दिवसांत सगळं येणार नाही, हे त्याने पहिल्याच तासाला स्वच्छ सांगितलं. ‘पाच दिवसांत तुम्हाला एक मॉडेल बांधता, मोडता आणि तपासता आलं तर पुष्कळ,’ असं तो म्हणाला.

माझा प्रश्न घरातला होता. अण्णा, माझे वडील, एकोणऐंशी वर्षांचे. मराठी प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिक्षक. पावकी, निमकी, पाऊणकी त्यांना अजून तोंडपाठ. पण हल्ली काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो. ‘पेज वाढू का?’ विचारलं तरी क्षणभर थांबतात. भाऊ पणजीहून येतो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणतो, ‘अण्णांचं डोकं मंद झालंय गं.’ मला त्या ‘मंद’ शब्दाचा राग येई, पण उलट काय सांगायचं ते सुचत नसे. वेळ तर लागत होताच.

पहिला दिवस बराचसा लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवण्यात गेला. दुपारी वीज गेली, पंखे बंद पडले, आणि मे महिन्यातल्या फोंड्यात पंख्याशिवाय तीस माणसं एका खोलीत म्हणजे काय ते सांगायला नको. मात्र त्याच वेळात, फळ्यावर खडूने, सगळ्यांत महत्त्वाचं सांगून झालं. डेव्हिड मार याने मनाच्या किंवा मेंदूच्या कामाकडे तीन पातळ्यांवरून बघायला सांगितलं; त्याचं ‘व्हिजन’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९८२ साली आलं. काम काय आहे आणि कशासाठी, ही पहिली पातळी. ते कोणत्या रीतीने, कोणत्या पायऱ्यांनी होतं, ही दुसरी. प्रत्यक्ष कोणत्या यंत्रात किंवा पेशींत होतं, ही तिसरी. मला लगेच अण्णांची निमकी आठवली. पंधराचं निम्मं साडेसात, हे पाठांतरातूनही काढता येतं आणि भागाकारानेही. काम तेच, रीत निराळी. पाठांतरवाला आणि भागाकारवाला कुठे अडतील, किती वेळ लावतील, ते वेगळं असणार. म्हणजे नुसतं उत्तर बघून रीत कळत नाही. वेळ आणि चुका बघाव्या लागतात. हे मी पुस्तकात कैकदा वाचलं असेन, पण मन लावून ऐकलं ते त्या उकाड्यात.

दुसऱ्या दिवशी शिकण्याचं मॉडेल आलं. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ साली मांडलेलं सूत्र इतकं छोटं आहे की खडूच्या एका रेघेत बसतं : नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा अधिक अपेक्षाभंगाचा काही हिस्सा. तो हिस्सा किती, हे ठरवणारा आकडा म्हणजे लर्निंग रेट, अल्फा. आम्ही उदाहरण फोंड्याच्या मासळी बाजाराचंच घेतलं. एका बाईकडची मासळी ताजी निघेल याची अपेक्षा ०.५ आहे. आज ताजी निघाली, म्हणजे मिळालं १. अल्फा ०.२ धरला तर नवी अपेक्षा ०.६. उद्या शिळी निघाली, मिळालं ०, तर ०.६ मधून ०.१२ वजा, उरली ०.४८. अल्फा मोठा असलेलं गिऱ्हाईक एका शिळ्या बांगड्यावरून टोपली बदलतं. छोटा असलेलं वर्षानुवर्षं त्याच बाईकडे जातं. ह्याच अपेक्षाभंगाशी जुळणारी खूण पुढे माकडांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींत दिसली. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांचा तो लेख १९९७ चा. मी दरवर्षी घंटा वाजली की लाळ गाळणारा पाव्हलॉव्हचा कुत्रा शिकवते. यापुढे त्या घंटेशेजारी हे सूत्र लिहिल्याशिवाय राहणार नाही.

मग दुपारी जे केलं, त्यासाठी तरी हा वर्ग प्रत्येक मानसशास्त्राच्या शिक्षकाने करावा असं मला वाटतं. त्याला पॅरामीटर रिकव्हरी म्हणतात; पॅरामीटर म्हणजे अल्फासारखे मॉडेलमधले आकडे. खऱ्या माणसांची माहिती हातात घ्यायच्या आधी आपणच शंभर खोटी गिऱ्हाइकं बनवायची. प्रत्येकाचा अल्फा आपणच ठरवायचा, शिवाय बीटा, म्हणजे जी टोपली बरी वाटते तिच्याकडेच तो किती ठामपणे जातो ते. मग त्यांना संगणकात पन्नास-पन्नास दिवस बाजारहाट करायला लावायचा. त्यांनी कोणती टोपली निवडली एवढंच ठेवायचं, अल्फा-बीटा लपवून टाकायचे. आणि आता, जणू आपल्याला काहीच ठाऊक नाही असं धरून, निवडींवरून ते आकडे परत शोधून काढायचे.

माझे परत आलेले आकडे मूळ आकड्यांसमोर आलेखावर मांडले तेव्हा सरळ रेघेऐवजी विस्कटलेला पुंजका दिसला. ज्याचा अल्फा मी ०.२ ठेवला होता त्याचा कुठे ०.०५ आला, कुठे ०.६. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. शिक्षक शेजारी बसला, ओळन् ओळ वाचली आणि म्हणाला, ‘मॅडम, कोड बरोबर आहे. पन्नास निवडींत एवढीच माहिती असते.’ अल्फा आणि बीटा एकमेकांचं काम थोडंफार उचलतात. सावकाश शिकणारा पण ठाम, आणि भरभर शिकणारा पण डळमळीत, हे दोघे थोड्या दिवसांच्या नोंदीत सारखेच दिसू शकतात. दिवस पाचशे केले तेव्हा पुंजका रेघेजवळ सरकला.

त्या संध्याकाळी कदंबाच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी याच एका गोष्टीचा विचार करत होते. जे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे तेसुद्धा मॉडेलला सापडत नसेल, तर ठाऊक नसलेल्या माणसाबद्दल त्याने दिलेला आकडा कितीही सुबक दिसला तरी काय कामाचा? आणि मी तर चाचणी परीक्षेच्या वीस गुणांवरून मुलांबद्दल शेरे लिहीत आले आहे.

तिसरा दिवस माझा होता.

रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ साली मांडलेलं डिफ्युजन मॉडेल. दोनच पर्याय असतील आणि पटकन ठरवायचं असेल, तेव्हा मन काय करतं? थोडा थोडा पुरावा गोळा करतं. पुरावा कधी या बाजूला, कधी त्या बाजूला हेलकावतो, पण एकूण ओढ बरोबर बाजूकडे असते. ओढीचा वेग म्हणजे ड्रिफ्ट रेट. दोन्ही बाजूंना एकेक सीमा आखलेली आहे. पुराव्याचा गोळा ज्या सीमेला लागेल ते उत्तर. दोन सीमांमधलं अंतर मोठं असेल तर माणूस जास्त पुरावा मागतो, म्हणजे जास्त सावध असतो. वेळ लागतो, पण चुका कमी होतात. अंतर लहान असेल तर उत्तर झटकन आणि चुका जास्त. याखेरीज डोळ्यांनी बघायला आणि बोटाने कळ दाबायला लागणारा वेळ, तो वेगळा धरायचा.

म्हणजे ‘वेळ लावतो’ या एका तक्रारीत तीन निरनिराळी माणसं असू शकतात. एकाला पुरावाच हळूहळू मिळतो. दुसऱ्याला भरभर मिळतो, पण खात्री पटल्याशिवाय तो बोलत नाही. तिसऱ्याचे फक्त डोळे आणि बोटं थकलेली आहेत. घड्याळात तिघे सारखे. रॅटक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कर माणसांवर असे पुष्कळ प्रयोग केले, आणि बऱ्याचशा साध्या कामांत दिसलं असं की म्हातारपणी वेळ वाढतो तो मोठ्या प्रमाणात रुंद सीमांमुळे आणि डोळे-बोटांच्या वेळामुळे. पुराव्याचा वेग कित्येकदा तरुणांच्या जवळपासच असतो. सगळ्याच कामांत असं नसतं, हेही शिक्षकाने बजावून सांगितलं. मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि पुढचं काही मिनिटं मला ऐकू आलं नाही.

डोळ्यांसमोर अण्णा होते, आणि मागच्या वर्षीची माझी एक विद्यार्थिनीही. शेवटच्या बाकावर बसणारी. प्रश्न विचारला की उभी राहायची आणि गप्प. मी पुढच्या मुलीकडे वळायचे तेवढ्यात तिचं उत्तर यायचं, आणि ते बरोबर असायचं. तिच्या प्रगतिपुस्तकात मी ‘आकलन थोडे कमी’ असं लिहिलं होतं. तिच्या बाबतीत मी सीमा आणि वेग यांची गल्लत केली. तो शेरा आता परत घेता येत नाही.

पूर्ण डिफ्युजन मॉडेल जुळवायला बराच खटाटोप लागतो. पण वागेनमाकर्स, व्हॅन डेर मास आणि ग्रासमन यांनी २००७ साली त्याची सोपी आवृत्ती दिली, ईझेड डिफ्युजन. बरोबर उत्तरांचं प्रमाण, उत्तराच्या वेळेची सरासरी आणि त्या वेळांचं विचरण, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत, असे तीन आकडे आत घालायचे; वेग, सीमा आणि डोळे-बोटांचा वेळ, असे तीन बाहेर येतात. प्रोग्रामिंग न येणाऱ्या बाईलाही गणकयंत्रावर काढता येईल असं.

वर्गात प्रत्येकाने स्वतःवर चाचणी घेतली. पडद्यावर पिवळे आणि निळे ठिपके येतात, कुठले जास्त ते सांगायचं. दोनशे वेळा. माझी १८० बरोबर आली, सरासरी ६२० मिलिसेकंद. सूत्रात घातले तर वेग आला ०.००६ आणि सीमा ३.५. शेजारच्या म्हापशाच्या स्पीच थेरपिस्ट बाईंचे आकडे ०.२ आणि ०.१ च्या आसपास. अर्धा तास मी चूक शोधत होते. डोळे-बोटांचा वेळ तर ३९२ मिलिसेकंद, अगदी ठीक दिसत होता, म्हणून सूत्रावर संशय जाईना. शेवटी सापडलं : मी वेळ मिलिसेकंदांत घातला होता, सूत्राला सेकंद हवे होते. एका बाजूने उत्तर शहाणं दिसतं म्हणून बाकीचंही शहाणं असेल असं नाही, हे शिकायला तो अर्धा तास महाग नव्हता. दुरुस्त केल्यावर वेग ०.१९६, सीमा ०.११२.

संध्याकाळी चाचणीचा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये घेऊन म्हार्दोळला घरी आले. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण शाळेशी संबंधित काही निघालं की अण्णा आपोआप मराठीवर येतात. ‘परीक्षा आहे का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘परीक्षा नाही अण्णा, मला शिकायचंय. तुम्ही मदत करा.’ त्यांनी चष्मा पुसला, सदऱ्याची बाही दुमडली आणि सोप्यावरच्या मेजाशी ताठ बसले.

सरावाच्या चाळीस ठिपक्यांत त्यांची एकही चूक झाली नाही. मला आनंद झाला, आणि सूत्रात आकडा घातला तर सूत्रच अडलं. बरोबर उत्तरांचं प्रमाण १ असेल तर त्यातला लॉगरिदम अनंताकडे जातो. रात्री शिक्षकाला फोन केला. तो म्हणाला, ‘चूक नसेल तर सीमा किती लांब आहे ते मॉडेलला कळायला मार्ग नाही. अर्धी चूक धरून पुढे जाता येतं, पण त्यापेक्षा ठिपके थोडे कठीण करा आणि दोनशे घ्या.’ छत्तीस वर्षं चुकांखाली लाल रेघ ओढणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘अण्णा, मला तुमच्या थोड्या चुका हव्यात.’ त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

चौथा दिवस वर्गात मॉडेलांची तुलना करण्यात गेला. जास्त पॅरामीटर घातले की कुठलंही मॉडेल माहितीवर छान बसतं, म्हणून प्रत्येक जादा पॅरामीटरला दंड लावायचा; अकाइके यांनी तो एका रीतीने लावला, श्वार्झ यांनी दुसऱ्या. उपयुक्त आहे, पण माझं चित्त घरी होतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन यांनी वाढवलेल्या ॲक्ट-आर या मोठ्या मॉडेलचीही तोंडओळख झाली. त्यात मनाची प्रत्येक छोटी पायरी ५० मिलिसेकंदांची धरतात, आणि आठवण किती ताजी आहे ते ती किती वेळा आणि किती पूर्वी उजळली गेली यावरून काढतात. अण्णांचे पाढे साठ-सत्तर वर्षं कसे टिकले, हे त्या सूत्राकडे बघताना कळत होतं. त्यावर पुन्हा कधीतरी.

त्या संध्याकाळी अण्णांनी दोनशे ठिपके केले. मलाही तेच कठीण ठिपके घ्यावे लागले, नाहीतर तुलना कसली? योगायोगाने माझे आकडे वर्गातल्यासारखेच आले : १८० बरोबर, ६२० मिलिसेकंद. अण्णांची १९२ बरोबर, आठ चुका, सरासरी ९५० मिलिसेकंद. म्हणजे माझ्यापेक्षा ३३० मिलिसेकंद उशीर. भावाचा ‘मंद’ तो एवढा.

रात्री जेवणं झाल्यावर मी त्या ३३० ची फोड केली. डोळे-बोटांचा वेळ माझा ३९२, अण्णांचा ५३९. १४७ मिलिसेकंद इथेच गेले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, बोटांचे सांधे धरलेले, कळ दाबताना हात किंचित थरथरतो. उरले १८३, ते ठरवण्याचे. आता वेग : माझा ०.१९६, अण्णांचा ०.१८९. आणि सीमा : माझी ०.११२, अण्णांची ०.१६९.

मी त्यांच्या वेगाला माझी सीमा लावून पाहिली. ठरवण्याचा वेळ आला २३३ मिलिसेकंद. माझा स्वतःचा २२८ होता. पाच मिलिसेकंदांचा फरक.

मी तो आकडा तीनदा काढला. सेकंद की मिलिसेकंद तेही तपासलं. मग उठून राजांगणात जाऊन तुळशीपाशी उभी राहिले. आतून अण्णांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

हे एका माणसाच्या एका संध्याकाळचे दोनशे ठिपके आहेत. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. स्मरणशक्तीबद्दल, नावं विसरण्याबद्दल हे ठिपके काहीच सांगत नाहीत, आणि सोपं मॉडेल पुष्कळ गोष्टी धरून चालतं. शेवटच्या दिवशी वर्गात मांडणी केली तेव्हा हे सगळं मी आधी सांगितलं. ०.१८९ आणि ०.१९६ यांतला फरक खरा की नुसता हेलकावा, हे दोनशे ठिपक्यांवरून म्हणता येणार नाही, असंही सांगितलं. त्यासाठी मी रात्री जागून शंभर खोटे अण्णा बनवले होते आणि त्यांचे परत आलेले वेग किती पसरतात ते आलेखावर दाखवलं. शिक्षकाने तो आलेख बराच वेळ पडद्यावर ठेवायला लावला. एका मुलाने सुचवलं, त्यांना सांगा की चुकलं तरी चालेल, लवकर दाबा. सीमा जवळ येते का बघा. सूचना रास्त होती. घाई करायला सांगितली की सीमा आक्रसते, हे प्रयोगांत नेहमी दिसतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी अण्णांना तसं सांगितलं. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला होता, सोप्यावर ओल्या मातीचा वास होता. अण्णा म्हणाले, ‘चुकलं तरी चालेल, असं मी कुठल्या मुलाला सांगितलं नाही. मला जमायचं नाही ते.’

मग त्यांनी विचारलं, ‘त्या आठ चुका कुठल्या?’

मी फाइल उघडली. कितव्या ठिपक्याला काय दाबलं याची यादी होती. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्यावर बोट ठेवून आकडे वाचत गेले : अठरा, चौऱ्याण्णव, एकशे बारा. मग एकशे त्रेपन्न, चोपन्न, सत्तावन्न, साठ, एकसष्ट. बोट तिथे थांबलं.

‘हा पाव घेऊन पोदेर आला तेव्हाचा प्रकार,’ ते म्हणाले. ‘भोंगा वाजला. तुझी आई फाटकाशी गेली, आणि मी बघत होतो की ती उंडे घेते की पोई.’

मॉडेल धरून चाललं होतं की दोनशेही ठिपके एकसारख्या अवस्थेत बघितले गेले. मी वही काढली आणि त्यांच्या आकड्यांच्या समासात लिहिलं : दीडशेनंतर पोदेर. चुकांचे वेळ वेगळे काढून पाहणे.